पहिलं पान कुणाचं

पुण्यात राहायला येण्याच्या कितीतरी आधी मी निम्मीशिम्मी पुणेकर झाले होते, आणि ते काम रेडिओने केलं होतं. बार्शीतल्या आमच्या घरी सकाळी बंब पेटला की प्रादेशिक बातम्या लागायच्या. सुधा नरवणे यांचा आवाज आला की वडील दाढीचा ब्रश गालावरच थांबवायचे. काय ते स्वच्छ 'ण', काय ते 'ळ'! आमच्या घरात 'काय करायलीस?', 'आलाव की' असं बोलणं चालायचं. रेडिओतलं कुणीच तसं बोलत नसे. बातम्यांत नाही, भाषणांत नाही. श्रुतिकेत एखादा बोललाच तर तो गडी असायचा, नाहीतर येडबंबू पाहुणा. तुमची भाषा कमी प्रतीची आहे, असं आम्हाला एकदाही कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही.

रेडिओ आणखी एक काम गुपचूप करायचा. तो घरातली माणसं वाटून घ्यायचा. पहाटेची भक्तिगीतं आजीची. वनिता मंडळ आईचं. कामगार सभा शेजारच्या गिरणीतल्या काकांची. युववाणी मोठ्या भावाची, आणि संध्याकाळचे शेतीचे कार्यक्रम वडिलांचे आणि चुलत्यांचे. आता खरी गोष्ट अशी, की आमच्या तुरीचा सगळा व्यवहार आई बघायची. कुठल्या आडत्याने किती कापलं, कुणाकडे उचल बाकी आहे, सगळं तिच्या तोंडावर. बाजारभाव ती भाकऱ्या थापता थापता कान देऊन ऐकायची. पण त्या कार्यक्रमात बोलणारे बाप्ये आणि ज्यांच्याशी बोलायचं तेही 'शेतकरी बंधू'. आईला हक्काची जागा दुपारी होती, वड्यांच्या आणि विणकामाच्या वेळेला. जनगणनेचा माणूस दारात आला तेव्हा तिने धंद्याच्या रकान्यात 'घरकाम' सांगितलं. वडील शेजारीच उभे होते, त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. रेडिओमुळे ती तसं म्हणाली असं मी म्हणणार नाही, तो समज रेडिओपेक्षा फार जुना आहे. पण रोज ठरलेल्या वेळी, सरकारी आवाजात, त्या समजावर शिक्का बसत होता हे नक्की.

डी.एड.ला पुण्यात आले तेव्हा आत्याकडे बोपोडीत राहिले. आतोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. माझ्या डोक्यातलं पुणं म्हणजे लक्ष्मी रोड, डेक्कन, गायनाची मैफल आणि शुद्ध मराठी. बोपोडीत रेल्वेचं फाटक होतं, कारखान्याचा भोंगा होता, एका ओळीत तमिळ, पंजाबी, मराठी आणि दखनी बोलणारी घरं होती. आत्या लक्ष्मी रोडला साडी घ्यायला निघाली की म्हणायची, "जरा पुण्यात जाऊन येते." मला पहिल्यांदा वाटलं, मग आपण आत्ता कुठे आहोत? नंतर कळलं, हडपसरची, येरवड्याची, कॅम्पातली माणसंही असंच म्हणतात. घरपट्टी पुण्याची भरायची आणि पुण्याला जायला बस पकडायची. त्यांच्या मनातलं पुणंही कुणीतरी दुसऱ्यानेच काढून दिलेलं होतं आणि त्या चित्रात त्यांचं स्वतःचं घर नव्हतं. वर्तमानपत्रात बोपोडी यायची ती नदीला पूर आला की, किंवा मारामारी झाली की.

त्या वर्षी दिवाळीला घरी गेले आणि सहज म्हणाले, "मी उद्या येणार आहे गं तुझ्याकडे." भाऊ खो-खो हसत सुटला. "आता तू बातम्या द्यायलीस का?"

पुढे मी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवू लागले. म्हणजे ज्या आवाजाने मला गप्प बसवलं होतं, त्याच्याच बाजूने पगार घेऊ लागले. ही तक्रार नाही. प्रमाण भाषा आली म्हणून माझ्या कितीतरी मुलींना पुढे नोकऱ्या मिळाल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हल्ली मात्र वारं फिरलंय. मोबाइलवर बोलीभाषेतल्या रीळांचा पाऊस पडतो. माझा पुतण्या बार्शीतूनच मला ते पाठवत असतो आणि फोनवर त्याच सुरात बोलतो. त्यातला हेल, ते हातवारे, वाक्यावाक्याला येणारी शिवी, हे सगळं आमच्या घरात कुणी कधी केलेलं नाही. माझी आजी किती हळू बोलायची! पण पुतण्याला वाटतं, हीच आपली अस्सल बोली. रेडिओच्या काळात आम्ही ती लपवली, आता तो ती वठवतो. मधल्या मधे आजीचं बोलणं कुठे गेलं, ते दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही.

बेनेडिक्ट अँडरसन या अभ्यासकाने १९८३ साली मांडलेली एक कल्पना मला फार पटते. एकमेकांना कधीही न भेटणारी हजारो माणसं रोज सकाळी एकच वर्तमानपत्र उघडतात, आणि आपल्यासारखेच बाकीचेही हेच वाचत असणार हे प्रत्येकाला ठाऊक असतं. एवढ्यावरून 'आपण सगळे एक' ही भावना उभी राहते. त्याने हे राष्ट्रांबद्दल लिहिलं. पुण्याला ते जसंच्या तसं लागू पडतं. प्रश्न फक्त एवढाच उरतो, की छापखाना कुणाकडे होता.

पुण्यातलं जुनं वर्तमानपत्र कोणतं, असं कुणालाही विचारा, उत्तर 'केसरी' येतं. 'केसरी' निघाला जानेवारी १८८१ मध्ये. 'ज्ञानप्रकाश' तर त्याच्याही कितीतरी आधीचा, १८४९ चा. पण मला सांगायचंय ते 'दीनबंधू'बद्दल. सत्यशोधक विचारांचं हे पत्र भांबुर्ड्याच्या कृष्णराव भालेकरांनी याच पुण्यात १८७७ साली काढलं, म्हणजे 'केसरी'च्या चार वर्षं आधी. शेतकरी, कारागीर, शूद्र म्हणवले गेलेले लोक यांच्या बाजूने ते बोलायचं. पैशाअभावी ते तग धरेना, तेव्हा नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८० मध्ये ते मुंबईला नेलं आणि चालवलं. भालेकरांचं भांबुर्डं म्हणजे आजचं शिवाजीनगर. तिथून रोज लाखभर माणसं ये-जा करत असतील. आपल्या पायाखालच्या गावातून असं पत्र निघालं होतं हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल, कोण जाणे. शिक्षकांच्या खोलीत मी एकदा हे बोलले, तर एक जुने गुरुजी म्हणाले, "असेल हो, पण पुण्याचं पत्र म्हणजे केसरीच." यातला 'असेल हो' मला अजून विसरता आलेला नाही.

आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक. त्यांना स्वतःला हवं ते लिहायला १८८८ मध्ये वेगळा 'सुधारक' काढावा लागला. १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईत 'मूकनायक' सुरू केला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. नावच बघा, मुक्यांचा नायक. ज्यांना दुसऱ्यांच्या पानावर विकतसुद्धा जागा मिळत नाही, त्यांनी स्वतःचं पान काढण्यावाचून करायचं काय? महाराष्ट्रातल्या प्रत्येक चळवळीने पहिल्या झटक्यात पत्र का काढलं, याचं उत्तर मला इथे सापडतं. केवळ मतं मांडायला नव्हे. आपली माणसं कोण, ती किती, कुठे राहतात, त्यांचा आजचा प्रश्न काय, हे त्यांचं त्यांनाच दिसावं म्हणून.

सार्वजनिक गणपतीचं भांडणही मुळात हेच आहे. भाऊसाहेब रंगारींनी १८९२ मध्ये गणपती बसवला, म्हणून संस्थापक ते, असं त्यांचं मंडळ सांगतं. टिळकांनी 'केसरी'तून त्या प्रथेला बळ दिलं आणि ती गावोगाव नेली, हे सगळ्यांनाच मान्य आहे. २०१७ मध्ये महापालिकेने शतकोत्तर रौप्यमहोत्सव साजरा केला तेव्हा वाद पुन्हा पेटला. माझ्या वर्गातली मुलं ढोल-ताशा पथकांत असायची, त्यांनी आपापल्या पेठेप्रमाणे बाजू घेतल्या. मला विचारलं, "बाई, कोण खरं?" रंगारींकडे वाडा होता, मूर्ती होती, माणसं होती. टिळकांकडे याशिवाय वर्तमानपत्र होतं. सव्वाशे वर्षांनी पोरांच्या तोंडी कुणाचं नाव आधी येतं, ते यावरून ठरलं, असं मी त्यांना सांगितलं. एकाला ते आवडलं नाही. त्याच्या पथकाच्या टोपीवर टिळक होते.

हे सगळं छापील शब्दांचं झालं. चित्राचा पगडा त्याहून पक्का. आमच्या देव्हाऱ्याशेजारी तुकोबांचा एक फोटो आहे, सासूबाईंच्या काळापासूनचा. पांढरं पागोटं, हातात वीणा, डोळे किंचित वर. सासूबाई रोज त्याला गंध लावायच्या. तो चेहरा विष्णुपंत पागनीसांचा आहे. 'प्रभात' कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली, आणि १९३६ मध्ये दामले-फत्तेलालांनी तुकारामांवर बोलपट काढला. पागनीस त्याआधी नाटकांत स्त्री-भूमिका करायचे. बोलपट तुफान चालला, आणि त्यांचा चेहरा कॅलेंडरांवर, तसबिरींत, घराघरांत जाऊन बसला. सतराव्या शतकातल्या तुकोबांना पाहिलेलं कुणीच उरलेलं नाही, तेव्हा मोकळी जागा ज्याने भरली त्याची झाली.

अभंगाचंही तेच. 'आधी बीज एकले' हे त्या बोलपटातलं पद शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं. पण लोकांनी ते तुकोबांचंच धरलं. आमच्याकडे पालखीच्या दिवसांत मुक्कामाला येणाऱ्या दिंडीतल्या एका आजोबांना मी हे सांगितलं. शाळामास्तरणीला राहवत नाही, काय करणार! ते शांतपणे म्हणाले, "असू द्या की. गाथेत नसलं म्हणून काय झालं, म्हणताना तुकोबाच दिसतात ना?" मला उत्तर सुचलं नाही. वारकऱ्याची ओळख पंढरीच्या वाटेवर चालण्याने बनते असं मी मानत होते. ती डेक्कनच्या पलीकडे, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या आवारात, दिव्यांच्या झोतात आणि रंगवलेल्या पडद्यांपुढेही थोडी घडलेली आहे. त्यामुळे ती खोटी ठरते का? मला नाही वाटत. तसबिरीला गंध लावणारा सासूबाईंचा हात खोटा नव्हता.

पुणेरी पाट्यांच्या बाबतीत मात्र मी इतकी उदार नाही. तिरकस बोलणारा, दुपारी एक ते चार दार न उघडणारा, पाहुण्याला 'चहा घेऊनच आला असाल' म्हणणारा पुणेकर आधी विनोदी लेखांत आला, मग कॅसेटवर, मग टीव्हीच्या कार्यक्रमांत, आणि आता सकाळी उठल्यापासून फोनवर. मुळात तो पाच-सहा पेठांतल्या काही वाड्यांपुरता होता. जिन्यात सायकली, नळाला कमी पाणी, वेळीअवेळी येणारे विक्रेते, आणि बोर्ड लिहिण्यापुरता खडू. त्या वैतागाला भाषेची धार होती एवढंच. आता तो अख्ख्या शहराचा पोशाख झालाय, आणि तयार मिळतो. आमच्या वारज्याच्या इमारतीत जळगावचं एक गोड कुटुंब राहतं. कुणी आलं की पाणी, शेव, नाहीतर थेट भरीत-भाकरी. त्यांनी दाराशी पाटी लावली आहे: 'बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही, तुम्ही अधीर आहात.' मी विचारलं, "भाऊ, हे काय?" ते हसले. "पुण्यात राह्यतो ना ताई आता, शोभायला पायजे." त्यांना कुणाला हाकलायचं नव्हतं. त्यांना इथलं व्हायचं होतं, आणि इथलं होण्याचा स्वस्तात स्वस्त उपाय बाजारात छापून मिळत होता.

यात मला खटकतं ते असं. एका छोट्या वस्तीच्या खोड्यांना 'पुणेकर' म्हणायची सवय लागली की बोपोडीच्या आत्याला विनोदातसुद्धा जागा उरत नाही. पर्वतीच्या पायथ्याच्या जनता वसाहतीतल्या माणसाचा विनोद कुठला? कोंढव्यातल्या बागवानाचा? त्यांच्याकडे टोमणे नसतात असं थोडंच आहे! मंडईत अर्धा तास उभं राहून बघा.

वर्तमानपत्राने त्यातल्या त्यात हे थोडं सैल केलं, हेही सांगायला हवं. १९३२ मध्ये नानासाहेब परुळेकरांनी 'सकाळ' काढला आणि गल्लीतली गटार, नळ, बाजारभाव, शाळेचा निकाल यांना बातमीचा मान मिळाला. आमचे शेजारचे आजोबा आजही आधी निधनाचे फोटो बघतात. ओळखीचं कुणी नसेल तर थोडे हिरमुसतात की काय, अशी मला शंका आहे.

आता कोयत्याबद्दल. २०२२ च्या अखेरीपासून पुण्यात 'कोयता गँग' हे नाव गाजू लागलं. कोवळी पोरं कोयते नाचवत दहशत माजवत होती, टपऱ्या फोडत होती, काही हल्ले भयंकर होते. ते कमी लेखायचा माझा विचार नाही. पण नाव एकच आणि टोळकी वेगवेगळी. कुठल्याही गल्लीत कुणीही कोयता काढला की तो 'कोयता गँग'चा. टीव्हीवर सीसीटीव्हीचं तेच ते चित्रण दिवसभर फिरायचं. मग पोरांनी स्वतःच कोयते हातात घेऊन, मागे गाणं लावून, रीळ टाकायला सुरुवात केली. पोलिसांनी त्यांना उचललं, की त्याचीही बातमी. मूळ नाव बातमीने दिलं, पोरांनी ते अंगात घातलं, आणि बातमीने पुन्हा त्यांचा फोटो काढला. सोसायट्यांच्या ग्रुपवर ते फोटो 'सावध राहा' म्हणून फिरले, आणि आमच्याकडे सामान पोचवायला येणाऱ्या मुलांना फाटकाशी टोपी काढायला लावू लागले. जॉर्ज गर्बनर या अमेरिकी अभ्यासकाने टीव्हीबद्दल म्हटलं होतं, की जास्त बघणाऱ्या माणसाला जग आहे त्याहून जास्त क्रूर वाटू लागतं. आमच्या ग्रुपवर त्याला अभ्यासाला पुष्कळ साहित्य मिळालं असतं.

तेव्हा माझी निवृत्ती जवळ आली होती. सातवीच्या वर्गात एक मुलगा मधल्या सुट्टीत धावत आला. चेहरा नुसता फुललेला. "बाई, आमच्या एरियाचं नाव टीव्हीवर आलं!" त्यांच्या वस्तीच्या तोंडाशी हाणामारी झाली होती. त्याच्या आवाजात भीती शोधली, सापडली नाही. त्याच्या जन्मापासून त्या वस्तीचं नाव कुठे उच्चारलेलं त्याने ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं ते असं. त्याला लाज वाटायला हवी होती, असं म्हणणं सोपं आहे. बार्शीचं नाव रेडिओवर आलं की आमचे वडीलही दाढी अर्धी टाकून सगळ्यांना हाका मारायचे, मग ती बातमी दुष्काळाची का असेना.

बातमीलेखन अभ्यासक्रमात होतंच. मी वर्गाला सांगितलं, आपापल्या वस्तीचं भित्तिपत्रक काढा. संपादक मंडळ तुमचं, मी फक्त शुद्धलेखन बघणार. (तेही नंतर सोडून दिलं, एका मुलीने 'शुद्ध केलं की आमची बातमी वाटत नाही' असं सुनावल्यावर.) पाण्याच्या वेळा आल्या. सार्वजनिक संडासाचं दार मोडल्याचं आलं. एका मुलाने कबुतरं उडवण्याच्या पैजेवर मजेदार लिहिलं. आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने बातमी दिली, तिच्या मथळ्यासकट: 'माझ्या पप्पांचा कोयता'. तिचे वडील चौकात शहाळी विकायचे. जुना कोयता झिजला म्हणून नवा घ्यायला गेले, तर दुकानदाराने ओळखपत्र मागितलं. पोलिसांनीच दुकानदारांना तसं बजावलं होतं. ते आधार कार्ड घरी विसरले होते. त्या दिवशी शहाळी विकली गेली नाहीत. घरी आल्यावर ते म्हणाले, "मी काय गँगवाला दिसतो का?" एवढीच बातमी.

संपादक मंडळात जुंपली. "ही काय बातमी आहे का? टीव्हीवर आलीये का कुठे?" एक जण म्हणाला. ती मुलगी म्हणाली, "नाही आली म्हणूनच लिहिली." दुसरा म्हणाला, घरातलं घरात ठेवावं. कबुतरवाला तिच्या बाजूने होता, पण त्याचं मत त्याच्या कबुतरांच्या जागेवर अवलंबून होतं. मी तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं, ते फार जड गेलं. शेवटी हात वर करून मतं घेतली. शहाळ्यांची बातमी दुसऱ्या पानावर, पाण्याच्या वेळापत्रकाखाली गेली. पहिलं पान टीव्हीवर आलेल्या हाणामारीला मिळालं, रंगीत खडूंनी काढलेल्या कोयत्याच्या चित्रासकट, आणि त्या कागदाला सगळ्यात जास्त हात लागून तो आठवड्याभरात कोपऱ्यावरून फाटला.